सातबाऱ्याची वकिली हलकी नाही

नुकतीच सनद हाती पडलेल्या मुलामुलींना कर्जतच्या आणि खालापूरच्या बाररूममध्ये एकच सल्ला मिळतो. तोच कॉलेजात मिळतो, तोच घरी जेवताना मिळतो. "इथं थांबू नकोस. मुंबईला एखाद्या मोठ्या फर्ममध्ये लाग. तालुक्यात जमिनीची कामं करत बसलास तर जन्मभर सर्च काढशील आणि शेवटी दलाल होशील." सल्ला देणारे बहुतेक जण मनापासून बोलतात. स्वतः काढलेले कष्टाचे दिवस त्यांना आठवत असतात. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ऐकून हुशार मुले सकाळची लोकल पकडतात आणि त्यांच्या माघारी या दोन तालुक्यांतल्या जमिनींचे कागद कोण वाचतो, हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

कोणत्या ऑफिसाबद्दल मी बोलतो आहे ते आधी सांगतो. तहसील कचेरीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर भाड्याचा गाळा, दोन-तीन वकील, एक कारकून, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतभर फायली. कोर्टात तारखा असतात, पण ऑफिस चालते ते जमिनीच्या कामावर. गोदामाची जागा, कारखान्याची जागा, रिसॉर्ट, फार्महाऊस, प्लॉटिंग, बँकेचे तारण, भाडेपट्टे. हे काम इथे येण्याची कारणे उघड आहेत. खालापूर तालुक्यात खोपोली, रसायनी आणि पाताळगंगेची औद्योगिक वसाहत आहे, द्रुतगती मार्ग तालुक्याच्या मधून जातो. सिडकोच्या 'नैना' क्षेत्राची घोषणा २०१३ साली झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, आणि पनवेल-कर्जत लोकलच्या नावाने शेलूपासून पळसदरीपर्यंत जाहिरातींचे फलक लागले. अशा प्रत्येक घोषणेनंतर भाताच्या खाचराचा भाव बदलतो. कागद मात्र आजोबांच्या काळचेच असतात. नवा भाव आणि जुना कागद यांचा मेळ घालणे, आणि तो बसत नसेल तर तसे तोंडावर सांगणे, हा आमचा व्यवसाय आहे.

यात कायदा कुठे आहे, हा पहिला आक्षेप. सर्च काढायचा, नोटीस द्यायची, छापील मसुद्यात नावे भरायची. हे काम कारकूनही करील, असे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा एक सातबारा शेवटपर्यंत वाचून पाहावा.

समजा, चौकच्या बाजूला एका कंपनीला गोदामासाठी एक गट हवा आहे. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे, भोगवटादार वर्ग १, इतर हक्कात काहीही नाही. एजंट म्हणतो, "साहेब, एकदम क्लीन आहे." आता एकेक फेरफार मागे जायचे. पन्नासच्या दशकातल्या एका फेरफारात कुळाचे नाव दिसते. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. मग कलम ३२ग खाली किंमत ठरली का? ठरली तर हप्ते भरले का? ३२म चे प्रमाणपत्र निघाले का? निघाले असेल तर कलम ४३ ची अट जमिनीला चिकटलेली असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षे झाली असतील आणि आकाराच्या चाळीस पट रक्कम भरली असेल तर पूर्वपरवानगी लागत नाही. पण ती रक्कम भरल्याचे चलन आहे का? नसेल तर वर्ग २ ची जमीन वर्ग १ झाली ती कोणाच्या हुकमाने?

पुढचा फेरफार वारसांचा. मयत खातेदाराला मुलगे तीन आणि मुली दोन, असे जबाबात लिहिले आहे, पण नोंद मुलग्यांचीच झाली. मुली कुठे गेल्या? त्यापुढच्या एका खरेदीखतात देणाऱ्याचे आडनाव ठाकर वस्तीतले वाटते. तो आदिवासी असेल तर ६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ आड येते; गैरआदिवासीला जमीन देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी हवी. व्यवहार १९५७ ते १९७४ या काळातला असेल तर ती जमीन मूळ आदिवासी कुटुंबाला परत देण्याचा वेगळा कायदा आहे. आणखी एका फेरफारात 'खाजगी वने' अशी नोंद येते आणि पुढे ती कोणत्याही कारणाशिवाय गळते. ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातली खाजगी वने कायद्याने सरकारकडे गेली. रायगडात त्या कायद्याने किती खातेदारांची झोप उडाली हे इथल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात सांगितले की, वनकायद्याच्या कलम ३५(३) ची नोटीस नुसती काढून चालत नाही. मग या गटाच्या मूळ मालकाला ती नोटीस बजावली गेली होती का? त्यावर पुढे काही झाले का?

इतके वाचून झाल्यावर खरेदीदाराकडे वळायचे. कंपनी शेतकरी नाही, म्हणजे कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. खऱ्या औद्योगिक वापरासाठी कलम ६३-१अ ची वाट आहे, पण तिला क्षेत्राची, विभागाची आणि मुदतीत वापर सुरू करण्याची अट आहे. प्रादेशिक योजनेत हा गट कोणत्या विभागात येतो? माथेरानच्या पायथ्याकडचा असेल तर २००३ च्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत येतो का? गटाला रस्ता आहे, की शेजारच्या बांधावरून बैलगाडीची वहिवाट आहे? गोदामाला कंटेनर लागतो, आणि बैलगाडीच्या वहिवाटीवरून कंटेनर न्यायचा हक्क कुणालाही आपोआप मिळत नाही.

एका गटात महसूल कायदा, कूळ कायदा, वनकायदा, वारसा कायदा, नगररचना आणि आदिवासींच्या जमिनीचे कायदे एकत्र येतात. याला कायदा म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती या जिल्ह्याच्या वकिलाने विसरू नये. कुळाला मिळालेले संरक्षण फुकट मिळालेले नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली शेतकऱ्यांनी खोतांच्या विरोधात संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते आणि तो संप सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा कूळ कायदा आला, मग १९४८ चा. आज जो ज्युनिअर जुन्या फेरफारातले कुळाचे नाव वहीत उतरवून घेतो, तो याच लढ्याची नोंद वाचत असतो. त्या कामाला कारकुनी म्हणणाऱ्याला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप असा की, खरे शिक्षण मोठ्या फर्ममध्येच मिळते. यातला खरा भाग मी आधी मान्य करतो. परदेशी गुंतवणूक, मोठी कर्जे, शेअर बाजारातल्या कंपन्या, आंतरराष्ट्रीय लवाद हे शिकायचे असेल तर मुंबई-दिल्लीलाच जावे लागेल. ज्याला ते करायचे आहे त्याने जरूर जावे. पण ज्याला जमिनीचा आणि स्थावर मिळकतीचा वकील व्हायचे आहे, त्याला फोर्टातल्या विसाव्या मजल्यावर जमीन दिसत नाही. मोठ्या फर्मच्या अहवालात कर्जतच्या जमिनीचा जो भाग असतो, त्यासाठीचे शोधकाम पुष्कळदा कर्जतच्याच वकिलाकडून करून घेतलेले असते. तिथला ज्युनिअर महिनोन् महिने एकाच करारातली चार कलमे तपासतो. इथला ज्युनिअर पहिल्याच वर्षी फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो. तो तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, जुने फेरफार काढतो. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मोजणीचा नकाशा, आकारफोड आणि एकत्रीकरण योजनेचे उतारे शोधतो. दुय्यम निबंधकाकडे सूची पाहतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, हरकत आली तर हरकतदाराला भेटतो. साठेकराराचा मसुदा करतो, खरेदीखत नोंदवतो, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करतो.

आणि वाद झाला तर त्याला उभे राहायला जागा किती आहेत ते पाहा. हरकतीची नोंद असेल तर तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी. त्यावर आरटीएस अपील प्रांतांकडे. दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय कर्जतलाच आहे. तिथून अपर जिल्हाधिकारी अलिबागला. कूळ कायद्याचे प्रकरण असेल तर महसूल न्यायाधिकरण. दिवाणी दावा कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयात. बिल्डरविरुद्ध तक्रार असेल तर महारेरा. सनद मिळून पाच वर्षेही न झालेला वकील या बहुतेक ठिकाणी स्वतःच्या तोंडाने युक्तिवाद करून आलेला असतो. मोठ्या फर्ममधल्या त्याच्या वर्गमित्राला तोवर एकाही अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याची वेळ आलेली नसते. शिकणे म्हणजे जबाबदारी अंगावर येणे, आणि लहान ऑफिसात ती लवकर येते.

तिसरा आक्षेप सर्वांत कडवट आहे: जमिनीचा वकील म्हणजे सुशिक्षित दलाल. हा आरोप मी झटकून टाकत नाही, कारण त्याला निमित्त देणारी माणसे आमच्यात आहेत. व्यवहार झाला तर टक्केवारी घेणारी, स्वतःच्या नातेवाइकांच्या नावावर गुंठे ठेवणारी, दोन्ही बाजूंकडून पैसे घेऊन एकाच टेबलावर दोघांच्या सह्या घेणारी. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला स्वतः धंदा करायला मनाई केली आहे. जो टक्क्यांवर काम करतो त्याने तो नियम मोडला, एवढेच म्हणून मी थांबत नाही. त्याने स्वतःचे मतच विकलेले असते, कारण व्यवहार मोडावा असे सांगण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. पण यावरून सगळी वकिलीच दलाली ठरते हे म्हणणे न्यायाला धरून नाही. दलालाला पैसे मिळतात व्यवहार झाला तर. वकिलाला फी मिळते कागद वाचल्याबद्दल, मग त्याचे उत्तर 'घ्या' असो की 'घेऊ नका'. एखादे ऑफिस कसे आहे हे ओळखायचे असेल तर त्यांनी किती खरेदीखते केली ते विचारू नका. कोणत्या व्यवहाराला त्यांनी नाही म्हटले ते विचारा. चांगल्या ऑफिसाकडे अशा नकारांच्या फायली असतातच.

शिवाय वकिलाच्या सहीचे वजन आता पूर्वीसारखे कोपऱ्यात लपवता येत नाही. १ मे २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी सुरू झाली, आणि तिथे वकिलाचा मालकी हक्काचा अहवाल जोडावा लागतो. तो घर घेणारा कोणीही उघडून वाचू शकतो. रेरा कायद्याच्या कलम १८(२) प्रमाणे, जमिनीच्या मालकी हक्कात दोष निघून ग्राहकाचे नुकसान झाले तर विकासकाला भरपाई द्यावी लागते, आणि त्या मागणीला मुदतीचे बंधन लागत नाही. बँकेसाठी चुकीचा अहवाल देणाऱ्या वकिलाचा प्रश्न २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या खटल्यात आला. न्यायालय म्हणाले की, नुसत्या निष्काळजीपणामुळे वकील कटात सामील ठरत नाही. पण कर्ज बुडवणाऱ्यांशी त्याचे संगनमत दाखवणारा पुरावा असेल तर त्याला वाचवणारे काही नाही. दलालाच्या शब्दावर असा हिशेब कधी मागितला जातो का? ज्या कामाची सही जन्मभर माणसाच्या मागे राहते त्याला दलाली म्हणणे हा त्या कामाचा अपमान आहे.

चौथा आक्षेप नवा आहे, आणि तरुणांना तोच जास्त घाबरवतो. सातबारा मोबाईलवर आला, फेरफार ऑनलाईन झाले, दस्त घरबसल्या सापडतात. उद्या हे सगळे वाचायलाही यंत्र येईल, मग तुमचे काय, असे विचारतात. माझे उत्तर असे की, कागद दिसणे आणि मालकी सिद्ध होणे यांत आपल्या देशात फार मोठे अंतर आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ साली अशी पद्धत आणली की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तसे नाही. सातबाऱ्यावरचे नाव खरे धरले जाते ते उलट पुरावा येईपर्यंतच, आणि महसुली नोंदीने मालकी मिळत नाही हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. सरकार हमी देत नाही तोवर ती कुणीतरी माणसाने कागद वाचून आणि सही करून द्यावी लागते.

आणि कागद तरी सगळे यंत्रात आहेत कुठे? संगणकीय सूचीच्या आधीची पुस्तके हाताने चाळावी लागतात. त्यांची पाने फाटलेली, काहींना वाळवी लागलेली. स्वातंत्र्यापूर्वीच्या कित्येक नोंदी मोडीत आहेत आणि मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. संगणकीकरणात नावे गळली, क्षेत्र चुकले, पोटहिस्से एकत्र झाले. त्या दुरुस्त्यांसाठी कलम १५५ चे अर्ज घेऊन शेतकरी अजून तहसीलच्या जिन्यावर बसलेले असतात. यंत्राने सूची लवकर शोधून दिली तर मला आनंदच आहे. तो वेळ जागेवर जायला वापरता येईल. कारण जमीन कागदावर संपत नाही.

हे जागेवर जाणे मला फार महत्त्वाचे वाटते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनही घराखालची जागा त्यांच्या नावावर नाही. सातबाऱ्यात मालकाचे नाव असते, वाडीचे कित्येकदा नसते. जमीन विकली जाते, नवा मालक तारेचे कुंपण घालतो, आणि एका सकाळी पाण्याची वाट बंद होते. या प्रश्नावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ साली पुस्तक लिहिले, कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले. पण व्यवहार ठरत असताना, कुंपण पडण्याआधी, त्या जमिनीची फाईल कुणाच्या टेबलावर असते? तालुक्यातल्या वकिलाच्या. तो जागेवर गेला, वाडी पाहिली, चार माणसांशी बोलला, आणि अहवालात त्याने लिहिले की, 'या गटात वस्ती आहे, तिच्या हक्कांचा निर्णय झाल्याशिवाय कब्जा निर्वेध मिळणार नाही', तर खरेदीदाराला वाटाघाटी कराव्या लागतात, वाडीपुरते क्षेत्र वगळावे लागते. तो नुसता ऑफिसात बसून उतारा वाचत राहिला तर वाडी कागदावर कधीच येत नाही. अहवालातले ते वाक्य लिहिण्यासाठी वकील शूर असावा लागत नाही, तो गेलेला असावा लागतो.

यातूनच पाचव्या आक्षेपाचे उत्तर निघते. काही सामाजिक कार्यकर्ते म्हणतात, "तुम्ही लोक शेतकऱ्याची जमीन मुंबईवाल्याच्या घशात घालायला मदत करता." त्यांची तळमळ मला कळते. पण जमिनी विकल्या जाणार आहेत. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, दवाखान्याचे बिल, परवडेनाशी झालेली भातशेती, ही कारणे वकिलाने निर्माण केलेली नाहीत. व्यवहार होणारच असेल तर त्या टेबलावर शेतकऱ्याला कागद वाचून दाखवणारा माणूस हवा की नको?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेहमी दिसणारे चित्र घ्या. भावांनी जमीन विकायला काढली आहे आणि बहिणीचे हक्कसोडपत्र हवे आहे. सासरहून एसटीने आलेली सत्तरीची बाई बाकावर बसलेली असते, हातात पिशवी, पिशवीत आधारकार्ड. भाचा घाई करतो, "आत्या, इथं फक्त अंगठा लाव, फोटो काढतील आणि झालं." चांगला वकील तिथे खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसतो. "आत्या, हा कागद कशाचा आहे, माहीत आहे का?" ती म्हणते, "भावाच्या पोरांसाठी सही हवी म्हणाले." मग तो सांगतो, "वडिलांच्या जमिनीत तुमचा भावांइतकाच हिस्सा आहे. आज अंगठा लावलात की तो संपला. त्याच्या बदल्यात काही ठरलंय का? ठरलं नसेल आणि तुम्हाला मनापासून द्यायचं असेल तरी चालेल, पण समजून द्या." २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच वाटा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी त्यावरच्या शंका मिटवल्या. पण तो कायदा त्या बाकापर्यंत स्वतःहून चालत येत नाही. कुणीतरी तो तिच्या भाषेत तिला सांगावा लागतो. कधी ती तरीही अंगठा लावते. कधी उठून म्हणते, "मी घरी विचारून येते." दोन्ही वेळा वकिलाने आपले काम केलेले असते.

कर्जत तालुक्याने असा वकील पाहिलेला आहे. माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, कायदा शिकले आणि परत इथेच आले. सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले, त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या, शाळा काढल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत त्यांना वीरमरण आले. त्यांच्या हौतात्म्याची कुणी बरोबरी करू शकत नाही, आणि आजच्या ज्युनिअरकडून तशी अपेक्षाही नाही. पण शिकलेल्या माणसाने आपल्या तालुक्यात परत येणे ही माघार आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कोतवालांच्या आयुष्याकडे एकदा पाहावे.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि इथे मला आमच्याच ज्येष्ठांशी भांडायचे आहे. मुले निघून जातात त्याचे सर्वांत मोठे कारण कामाचा कमीपणा नसून आमचा कंजूषपणा आहे. "आम्हीही फुकट काम करून शिकलो" हे वाक्य कित्येक ऑफिसांत अभिमानाने ऐकवले जाते. ज्या मुलाच्या वडिलांची शेती पोटापुरती आहे, ज्या मुलीला नेरळहून रोज यायचे आहे, त्यांनी दोन वर्षे फुकट कशी काढायची? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, म्हणून बहुतेकांनी ती फाईलला लावून टाकली. एका गोदामाच्या व्यवहारात मिळणाऱ्या फीकडे पाहून मला सांगावेसे वाटते की, ही रक्कम देता येते. देणार नसाल तर मुले जातात म्हणून गळा काढू नका. फुकट राबवलेला ज्युनिअर दोन गोष्टींपैकी एक करतो: वकिली सोडतो, किंवा एजंटाकडून पाकीट घ्यायला शिकतो. दलालीचा जो डाग आपल्यावर लागतो, त्याची सुरुवात पुष्कळदा या न दिलेल्या पगारातून होते.

ज्युनिअरला नियमित पैसे मिळाले तर पुढची वाट कशी असते, हेही सांगायला हवे. पहिली दोन-तीन वर्षे सर्च, फेरफार, आरटीएसची अपिले. मग मसुदे: साठेकरार, भाडेपट्टा, विकसन करार. त्यानंतर स्वतःच्या सहीचा अहवाल. दहाव्या वर्षापर्यंत बँका, कारखाने आणि मुंबईच्या फर्म त्या माणसाला नावाने ओळखू लागतात. त्या वेळी तो भागीदार होतो किंवा समोरच्या गाळ्यात स्वतःची पाटी लावतो, आणि दोन्ही गोष्टी मानाच्या आहेत. या वाटेवर चमक नाही, पदांची नावे मोठी नाहीत. पण माणूस ज्या विषयात मत देतो त्या विषयाची पुरती जाण त्याला असते, आणि ज्या गावात तो राहतो ते गाव त्याच्या मताचा परिणाम रोज त्याला दाखवते. करिअर या शब्दाने याहून जास्त काही मागू नये.

म्हणून ज्येष्ठांना माझी विनंती आहे: येणाऱ्या महिन्यापासून आपल्या ज्युनिअरचा ठरावीक पगार सुरू करा आणि टक्केवारीचे काम बंद करा. आणि सनद घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगतो. ऑफिस निवडताना पत्ता पाहू नका, तीन प्रश्न विचारा. महिन्याला ठरलेले पैसे देता का? व्यवहारातून कमिशन घेता का? अहवाल लिहिण्याआधी मला जागेवर पाठवाल का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असे उत्तर देणारे ऑफिस कर्जतात किंवा खालापुरात सापडले, तर मुंबईची लोकल सोडून द्या आणि तिथेच कामाला लागा.